मशालीभोवतीचा खड्डा

यादीत एकूण साठ ठिपके होते. अठ्ठेचाळीस जुने, जगभरच्या सूचींमध्ये नाव-पत्त्यासकट नोंदलेले. अकरा पेरलेले. अठ्ठेचाळीस आणि अकरा एकोणसाठ. उरला एक.

पण पेरले होते बारा. म्हणजे एक हरवला होता आणि एक जास्तीचा आला होता, आणि नेमकं हेच चाळणीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

चाळणी हे तिचं टोपणनाव. ते तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारलं, तुझा प्रोग्रॅम नक्की करतो काय, तर ती म्हणाली, आभाळ चाळतो. झालं. तेव्हापासून दाराबाहेरच्या पाटीवरचं खरं नाव फक्त टपालवाल्याच्या उपयोगाचं उरलं.

उपग्रह वर फिरत गॅमा किरण टिपायचा. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, कुठून आला आणि कधी आला याची नोंद खाली धाडायचा. पाच वर्षांचे असे कण आभाळाच्या नकाशावर मांडले की चित्र तयार व्हायचं, पण चित्र म्हणजे बहुतेक धूळच. इथं दोन कण, तिथं तीन, पलीकडे काहीच नाही. त्या धुळीतून, एकाच जागेहून खरोखर काही येतंय अशा जागा शोधायच्या, हे तिचं काम. त्यासाठी ती वेव्हलेट वापरायची. वेव्हलेट म्हणजे एक इवलासा आकार: मधे उंचवटा, भोवती गोल खड्डा, आणि दोन्हींची बेरीज बरोबर शून्य. हा आकार चित्रावरून सरकवत न्यायचा. खाली सपाट धूळ असली की उंचवट्यानं कमावलेलं खड्डा खाऊन टाकतो आणि उत्तर शून्य येतं. खाली कणांचा घोळका असला की उत्तर उसळी घेतं. मग हाच आकार दुप्पट करून सरकवायचा, मग चौपट. बारीक चाळणी, मध्यम चाळणी, मोठी चाळणी. उसळी किती भरवशाची, हे सांगणाऱ्या आकड्याला सगळे सिग्मा म्हणत. पाचाच्या वर गेला तर ठिपका, खाली राहिला तर धूळ.

त्या जास्तीच्या, साठाव्या ठिपक्याचा सिग्मा होता ५.३.

पेरणी ही तिथली जुनी रीत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी ती घालून दिली होती. शोधणाऱ्याच्या हाती चित्र देण्याआधी दुसऱ्या कुणीतरी त्यात बारा खोटे ठिपके मिसळायचे. जागा कागदावर लिहून कागद पाकिटात, पाकीट बाईंच्या खणात. शोधणाऱ्यानं आपली यादी आधी द्यायची, मग पाकीट फोडायचं. खोटे किती सापडले यावरून चाळणीची पत ठरायची. पाकीट फुटलं की यादीला हात लावायचा नाही. चाळणीत दोष निघाला तर पूर्ण यादी रद्द, पेरणी नव्यानं, शोध नव्यानं. बाईंचं म्हणणं असं की माणूस उत्तर बघितल्यावर प्रश्न सुधारतो, आणि शिकलेला माणूस जरा जास्तच सफाईनं सुधारतो.

यंदाची पेरणी दादानं केली होती.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पलीकडच्या टेबलावरचा. घरी दोन वर्षांची जुळी. पोरं एकदम दोन झाल्यापासून संख्याशास्त्रावरचा आपला विश्वास उडालाय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. माणूस मनमिळाऊ, पण गोष्ट अशी की त्याचाही करार या महिन्याअखेर संपत होता आणि तिचाही, आणि बाईंच्या हातात पुढच्या तीन वर्षांसाठी जागा होती एकच. खुर्ची एक, बसणारे दोन. यावर दोघं कधी बोलत नसत. दोघांनाही ते पाठ होतं.

सोमवारी पाकीट फुटलं तेव्हा बाईंनी साठाव्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या की मोठ्या दुर्बिणीकडे अर्ज धाडायचा शेवटचा दिवस शुक्रवार आहे, तोवर लिहून आण. नवा ठिपका सापडलाय, तो दुर्बिणीनं बघावा, असा तो अर्ज. तो गेला की खुर्चीचा प्रश्न जवळजवळ सुटल्यासारखाच होता, हे बाईंनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. दादा तोंडभर हसला, तिच्या पाठीवर थाप मारली, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. पाच मिनिटांनी ती पाण्याची बाटली भरायला त्याच्या मागून गेली तेव्हा त्यानं पडद्यावरची खिडकी चटकन बंद केली.

घरी मावशीला हे सांगितल्यावाचून राहवेना. तिला मावशीनंच वाढवलं होतं. मावशी आगगाडीत तिकीट तपासनीस, संशय हा तिचा पोटापाण्याचा धंदा. दुकानदारानं वजन करण्याआधी तराजू रिकामा असताना शून्य दाखवतोय का, हे ती वाकून बघायची.

"पाणी कुठंतरी मुरतंय," मावशी म्हणाली. "बारा पेरले, अकरा सापडले, एक भलतीकडे उगवला. अगं, तो बारावाच आहे तुझा. लिहिली एक जागा, पेरला दुसरीकडे. तू अर्ज धाडायचास, दुर्बीण बघणार, तिथं काही नसणार. तुझी शोभा होईल आणि खुर्ची त्याची."

"तो तसा नाहीये गं."

"विनातिकीट माणूस खिडकीबाहेर बघत नाही. माझ्याकडे बघतो. हसून."

"दादा सगळ्यांकडेच बघून हसतो."

"मग सगळ्यांची तिकिटं तपास."

ती हसली खरी, पण रात्रभर ते वाक्य कुसासारखं बोचत राहिलं. मावशी म्हणाली तो संशय तिच्या मनात आलाच नव्हता असं नाही. तो सोमवारी, पाकीट फुटल्याबरोबर आला होता. फक्त मावशीनं तो मोठ्यानं म्हटला आणि त्याला हातपाय फुटले.

मंगळवारी ती अर्ज लिहायला बसली आणि अर्जाची एक ओळही न लिहिता तपासाला लागली. खोटा फोटॉन खऱ्यापासून वेगळा कसा ओळखायचा? जागेवरून नाही. पेरणारा जागा नीटच निवडतो. ऊर्जेवरून नाही, तीही प्रोग्रॅम खऱ्यासारखीच वाटतो. राहिली वेळ. आणि इथं तिला एक फट सापडली. उपग्रह पृथ्वीच्या एका विशिष्ट पट्ट्यावरून जाताना भारित कणांचा इतका मारा होतो की उपकरण बंद ठेवावं लागतं. एकूण काळाचा साधारण सातवा हिस्सा ते बंदच असतं. पेरणीचा प्रोग्रॅम जुना. त्याला हे ठाऊक नव्हतं, तो खोट्या फोटॉनांना पाच वर्षांतली कुठलीही वेळ चिकटवून मोकळा व्हायचा. म्हणजे खोट्यांतले काही कण दार बंद असताना आत आलेले दिसणार.

तिनं आधी सापडलेले अकरा तपासले. प्रत्येकात बंद वेळेतले कण निघाले. कुठं दोन, कुठं सहा. मग साठावा. त्याच्या वर्तुळात एकतीस फोटॉन होते. त्यातले दहा पार्श्वभूमीचे, नुसत्या धुळीचे धरायचे, म्हणजे संशयित एकवीस. एकवीस खोटे असते तर तीनेक बंद वेळेत पडायला हवे होते.

एकही नव्हता.

तिनं खुर्चीत मागं रेलून सुस्कारा टाकला. तो पुरता सुटलाही नसेल, तोच डोक्यात हिशेब सुरू झाला. एकवीस खोट्यांपैकी एकही बंद वेळेत न पडण्याची शक्यता शंभरात चार. चार म्हणजे शून्य नव्हे. आणि तेही पेरणाऱ्याला ही फट माहीत नसेल तर. दादाला माहीत असेल तर? त्यानं बंद वेळेतले कण आधीच वेचून काढले असतील तर? मग शून्य यायलाच हवं. म्हणजे तीन आले असते तर दादा दोषी, आणि शून्य आले तर दादा हुशार आणि दोषी. हा तर्क कुठल्या वळणावर चाललाय हे तिला कळत होतं. कळूनही तो थांबेना.

दुपारी ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दादा, बारावा कुठं ठेवला होतास रे?"

"कागदावर आहे की."

"कागदावर आहे तिथंच ना?"

दादानं मान वर केली. तिच्याकडे बघून हसला. मावशीच्या बोलण्यानंतर आता त्याचं हसणंही तिला नवं वाटलं. "चोराच्या मनात चांदणं," तो म्हणाला. "काय झालं काय?"

"काही नाही."

"मला एक सांग, मशालीभोवतीचा खड्डा किती रुंद धरलायस?"

मशाल हे त्या चित्रातल्या सगळ्यात तेजस्वी ठिपक्याचं प्रयोगशाळेतलं नाव. तिनं सांगितलं, सगळ्यांसाठी धरलाय तेवढाच. दादानं बरं म्हटलं आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्याला हे कशाला हवंय, हा प्रश्न तिनं डोक्यातल्या संशयाच्या राशीवर नेऊन टाकला. ती रास आता चांगली कमरेएवढी झाली होती.

बुधवारी तिनं शेवटची चाळण करायला घेतली तर यंत्र भलतंच मंद चालत होतं. गणनाचं यंत्र सगळ्यांचं सामाईक. कोण काय चालवतंय ते कुणालाही दिसायचं. तिनं बघितलं. दादाच्या खात्यावर एक काम चालू होतं. त्याआधीची सोळा होऊन गेली होती, सगळी सोमवार दुपारनंतरची. सतराही वेळा चाललेला प्रोग्रॅम एकच होता. तिची चाळणी.

आता संशयाच्या त्या राशीत शोधाशोध करायची गरजच उरली नव्हती. तो तिच्याच चाळणीनं तिचाच ठिपका पुन्हा काढत होता. शुक्रवारी दोन अर्ज जाणार होते, किंवा एकच जाणार होता आणि त्यावर तिचं नाव दुसरं असणार होतं.

दादा पोरांना पाळणाघरातून आणायला लवकर निघायचा. ती त्याची पिशवी खांद्यावर चढायची वाट बघत राहिली आणि मग दारात जाऊन उभी राहिली.

"सतरा वेळा," ती म्हणाली. "माझी चाळणी तू सतरा वेळा चालवलीस. कशाला?"

"अठरा. एक आत्ता लावून ठेवलीय."

"अर्जात नाव घालायचं असेल तर सरळ सांग ना."

दादानं पिशवी खाली ठेवली. तो हसला नाही. "बस."

"उभी बरी आहे."

त्यानं पडदा उघडला आणि थोडा तिच्याकडे वळवला. चाळून झालेलं चित्र होतं. मधोमध मशाल, पांढरीफटक, आणि तिच्याभोवती काळं कडं. त्या काळ्या कड्याच्या आत त्यानं बोटाच्या नखाएवढी जागा दाखवली. "हा बारावा. कागदावर आहे तिथंच. मुद्दाम इथं ठेवला होता. दिव्याखालचा अंधार तू कसा झाडतेस ते बघायचं होतं."

तिला क्षणात कळलं आणि कळूनही ती पडद्याकडे बघतच राहिली. तेजस्वी ठिपक्यावरून वेव्हलेट सरकला की मधे मोठी उसळी येते, आणि भोवती तितकाच मोठा खोटा खड्डा पडतो. त्या खड्ड्यात एखादा बारका ठिपका असला तर तो बुडतो. म्हणून उजळ ठिपके आधी उचलून बाजूला ठेवायचे, खड्डे बुजवायचे, आणि मग दुसऱ्यांदा चाळायचं. हे सगळं तिच्या प्रोग्रॅममध्ये होतं. फक्त बुजवायच्या खड्ड्याचं माप तिनं पहिल्या वर्षी ठरवलं होतं, सरावाच्या चित्रावर. त्या चित्रात मशाल नव्हतीच. मशालीचा खड्डा त्या मापाच्या चौपट होता. चार वर्षं तिनं प्रत्येक फोटॉनावर संशय घेतला होता, आणि त्या एका आकड्याकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"सोमवारीच मला शंका आली," दादा म्हणाला. "मग तुझा साठावा बघितला. तो मशालीपासून लांब आहे. खड्ड्याचं माप सतरा तऱ्हांनी बदलून बघितलं, तो पाच पूर्णांक तीनच राहतो. हलत नाही. चाळणीत खोट आहे, पण त्याला काही धक्का नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाईंना कळलं की यादी रद्द. पुन्हा पेरणी, पुन्हा शोध. महिना जाईल. शुक्रवार गेला, अर्ज गेला." पिशवीचा बंद हातात घेऊन तो थांबला. "बारातले अकरा चांगले असतात गं. कुणी विचारत नाही."

"मला का दाखवतोयस मग?"

"तू विचारलंस."

तो गेला. ती त्याच्याच खुर्चीत बसली. खिडकीखालच्या आवारातून त्याची गाडी बाहेर पडेपर्यंत बघत राहिली. मग चाळणीतला तो आकडा स्वतः बदलला आणि प्रोग्रॅम मशालीपुरता चालवला. बारावा वर आला. ६.१.

गुरुवारी सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा त्या संत्रं सोलत होत्या. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: माप, मशाल, खड्डा, बारावा. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. साल टेबलावर एका रांगेत मांडत राहिल्या.

"हे आधी कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी आहे, बाई."

"मी ते नाही विचारलं."

दादाचं नाव जिभेच्या टोकावर होतं. ते घेतलं असतं तर खुर्चीचा प्रश्न तिथंच, त्या संत्र्याच्या सालांशेजारी, वेगळ्या बाजूनं सुटला असता. बाईंनी एक फोड तिच्यापुढे सरकवली. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

यादी रद्द झाली. नवी पेरणी बाईंनी स्वतः केली. नव्या मापानं नवा शोध महिनाभर चालला. पेरलेले बाराच्या बारा सापडले आणि साठावा आपल्या जागी होता, ५.३ वर, जसाच्या तसा. पण दुर्बिणीच्या अर्जाची खिडकी आता वर्षभरानं उघडणार होती. मधल्या काळात महिनाअखेर येऊन गेली आणि खुर्ची दादाला मिळाली. तिला प्रबंध लिहून होईपर्यंत राहायची मुदत मिळाली, पगार निम्मा.

"त्यानं तुला बरोबर ओळखलं होतं," मावशी म्हणाली. ती स्वतःच्या गणवेशाला इस्त्री करत होती. "बारावा मुद्दाम त्या अंधारात ठेवला. मग काय, तू विचारेपर्यंत गप्प. आणि विचारलंस तेव्हा आडून म्हणाला, सांगू नकोस. सांगू नकोस म्हटलं की तू सांगणारच, हे तुझ्याबरोबर चार वर्षं बसलेल्या माणसाला कळत नसेल? तुझं तिकीट त्यानं तुझ्याच हातून फाडून घेतलं."

"किंवा त्याला खरंच वाटलं असेल की मी गप्प बसावं."

"किंवा."

दोन्ही गोष्टी दिसलेल्या सगळ्या नोंदींशी जुळत होत्या. तिनं हे अनेकदा तपासून पाहिलं होतं. खड्ड्याबद्दलचा मंगळवारचा प्रश्न: तिला सावध करायला, की ती अजून अंधारात आहे ना याची खात्री करायला? सतरा वेळा चालवलेली चाळणी: तिचा ठिपका वाचतो का बघायला, की पडतो का बघायला? दादाच्या मनात काय होतं याला सिग्मा नव्हता. या प्रयोगाची पुन्हा पेरणी करता येत नव्हती. तो रोज हसून तिला काय गं चाळणी म्हणायचा, पोरांचे फोटो दाखवायचा, आणि तिच्या प्रबंधातली दोन प्रकरणं त्यानं ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करून दिली. ती त्याचे आभार मानायची आणि प्रत्येक दुरुस्ती घरी नेऊन पुन्हा तपासायची. एकही चुकीची निघाली नाही.

वर्षअखेरीला उपग्रहाचं सहावं वर्ष हाती आलं. साठाव्याचा खरा निवाडा आता होणार होता, कारण खरा ठिपका वाढतो आणि धुळीत योगायोगानं जमलेला घोळका वाढत नाही. तिनं आकडेमोड आधीच करून भिंतीवर चिकटवून ठेवली होती. ठिपका खरा असेल तर सहा वर्षांच्या चित्रात सिग्मा ५.८ च्या आसपास जायला हवा. योगायोग असेल तर पाचाच्या खाली घसरायला हवा.

बाईंनी विचारलं, या वेळी पेरणी कुणी करावी असं तुला वाटतं.

"दादाला करू द्या," ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि दादाला हाक मारली.

बुधवारी दुपारी तिनं यादी दिली. बाईंनी पाकीट फोडलं, दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पेरलेले बारा, सापडलेले बारा. बाईंनी यादी तिच्या हातात परत दिली. ती आपल्या टेबलाशी गेली आणि साठाव्याची ओळ उघडून तिनं तिच्यावर दोन्ही तपासण्या केल्या, चाळणीची आणि वेळांची.

वर्तुळातले फोटॉन छत्तीस. पार्श्वभूमी बारा. सिग्मा ५.६. उपकरण बंद असताना आलेले: शून्य.